मतमाउलीचा नवस आणि आपले सोयीचे मौन

लोह्याहून लातूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात माळेगाव येते. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात तेथे खंडोबाची यात्रा भरते; घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार बसतो, तमाशाचे फड उभे राहतात आणि भंडाऱ्याने माणसांची कपाळेच काय, पायाखालची मातीही पिवळी होते. या यात्रेविषयी आपल्या कार्यकर्त्यांजवळ एक तयार मत असते. जनावरांचा बाजार उपयुक्त, लोककला जतन करण्याजोगी, नवस मात्र अंधश्रद्धा. हे मत पुरेसे आहे की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. निदान ते आहे आणि आपण ते चारचौघांत बोलतो. पण याच मराठवाड्यातून दर सप्टेंबरात काही कुटुंबे मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसतात, पुढे दौंडच्या वाटेवर बेलापूर स्टेशनला उतरतात आणि हरेगावच्या मतमाउलीला जातात. त्यांच्या नवसाविषयी आपले मत काय, असे कोणी विचारले की आपण घसा खाकरतो. अल्पसंख्याकांचा प्रश्न आहे, नाजूक आहे, दिवस बरे नाहीत, असे म्हणून विषय बदलतो. हे मौन आपणांस सौजन्याचे वाटते. मला ते बव्हंशी आळसाचे वाटते.

हरेगाव हे श्रीरामपूर तालुक्यातील गाव. पवित्र मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला येतो. त्याच्या आधी नऊ दिवसांची नोव्हेना आणि मग मोठी यात्रा, असा येथला क्रम आहे. पाऊण शतकाच्या या परंपरेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील कॅथलिक कुटुंबे तर येतातच, पण हिंदू आणि बौद्ध माणसेही येतात, आणि ती प्रेक्षक म्हणून येत नाहीत. मूल व्हावे, दारू सुटावी, अंगावरचे दुखणे जावे, यासाठी येतात. मेणबत्ती लावतात, नवस बोलतात आणि पुढल्या वर्षी फेडायला येतात. ‘मतमाउली’ हा शब्दच पाहा. त्यात रोमचे काही नाही. वारकऱ्याची माउली तेथे मरियेच्या अंगावर आली आहे, आणि येताना वारीचा सारा भाव बरोबर घेऊन आली आहे.

पण या गावाचा दुसरा इतिहासही सांगितला पाहिजे, कारण त्याशिवाय नवस समजत नाही. हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश सरकारने या परिसरातील नऊ गावांच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि त्या कंपनीला ऊस लावण्यासाठी भाडेपट्ट्याने दिल्या. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीन धारणेचा कायदा आला, १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले, कारखान्यांच्या जमिनी महामंडळाच्या मळ्यांत गेल्या. मूळ शेतकऱ्यांचे वारस ‘आकारी पडीत’ या सरकारी नावाखाली आपल्याच जमिनीसाठी पिढ्यान् पिढ्या दारे झिजवीत राहिले. कारखाना पुढे बंद पडला. मळ्यातला मजूर तर या हिशेबात कोठेच नव्हता. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेला समाज हा मुख्यतः महार आणि मांग समाजातून आलेला. जमीन त्याच्याकडे आधीही नव्हती आणि बाप्तिस्म्यानंतरही आली नाही. उलट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याची अनुसूचित जातीची सवलत गेली. हा आदेश १९५६ साली शीख दलितांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी सुधारला गेला. ख्रिस्ती दलितांसाठी नाही. जातीचा जाच मात्र धर्मांतराने सुटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, यात्रेला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, याच हरेगावात शेळ्या आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. अशा गावात, अशा माणसांत, एक आई उभी राहते आणि ती कोणाचीही जात न विचारता ऐकून घेते. हे ऐकून घेणे खरे की कल्पित, याची चर्चा आपण करू. पण त्याची गरज कल्पित नाही.

कॅथलिक परंपरेतील दर्शनांचा इतिहास काढला तर त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दर्शन बिशपला होत नाही, जमीनदाराला होत नाही. ते गुराख्याला होते. फ्रान्समध्ये ला सालेत येथे १९ सप्टेंबर १८४६ रोजी दोन गुराखी मुलांनी रडणारी स्त्री पाहिल्याचे सांगितले. ती त्यांच्याशी काय बोलली? सडणाऱ्या बटाट्यांविषयी, नासणाऱ्या गव्हाविषयी, येऊ घातलेल्या दुष्काळाविषयी. त्या वर्षी युरोपभर बटाट्यावर रोग पडला होता. १९१७ साली पोर्तुगालात फातिमाला मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांनी मरियेला पाहिले, तेव्हा युरोप महायुद्धात होरपळत होता. आपल्याकडे तमिळनाडूत वेलांकनीची परंपरा सांगते की माता प्रथम दूध घेऊन जाणाऱ्या पोराला दिसली, नंतर ताक विकणाऱ्या पांगळ्या पोराला. वांद्र्याच्या मोतमाउलीची मूर्ती समुद्रात असल्याचे स्वप्न पडले ते एका कोळ्याला. लोहा-कंधारच्या माणसाला यात परके काही वाटू नये. भाई केशवराव धोंडगे यांनी याच मुलखात गुराखीगडावर गुराख्यांचे साहित्य संमेलन भरविले, ते गुराख्यालाही सांगण्यासारखे काही असते या विश्वासाने. ज्याचे म्हणणे तलाठी लिहून घेत नाही, त्याच्या म्हणण्याला वजन यायचे तर ते कोणा मोठ्याच्या तोंडून यावे लागते. आणि आकाशातून आलेल्या बाईपेक्षा मोठे कोण?

लूर्दची कथा यांत सर्वांत अधिक बोलकी आहे. ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीने एका गुहेत अठरा वेळा दर्शन झाल्याचे सांगितले. तिचा बाप गिरणीवाला. गिरणी बुडाली, तो मजुरीला लागला, पिठाच्या चोरीच्या संशयावरून काही दिवस तुरुंगातही बसला. घरातली सगळी माणसे एका खोलीत राहत, आणि ती खोली म्हणजे पूर्वीचा तुरुंग. आरोग्यास अपायकारक म्हणून कैद्यांसाठी ती बंद केली होती. १८५५ च्या पटकीच्या साथीतून मुलगी वाचली, दमा मात्र जन्माचा जडला. दर्शनापूर्वीच्या वर्षी ती शेजारच्या गावी मेंढरे राखीत होती. सरकारने प्रथम गुहेला फळ्या ठोकल्या. पुढे सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने त्या काढल्या गेल्या. १८६२ साली बिशपने दर्शनाला मान्यता दिली आणि रेल्वेने यात्रा वाढवली. बर्नादेत स्वतः मठात गेली आणि १८७९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हाडांच्या क्षयाने वारली. जिच्या झऱ्याचे पाणी लोक बाटल्यांतून देशोदेशी नेत होते, ती त्या पाण्याने बरी झाली नाही. फातिमाच्या तीन मुलांपैकी दोघे १९१९ आणि १९२० साली इन्फ्लुएंझाच्या साथीच्या तडाख्यात गेली. भाविक यात त्यागाचा अर्थ पाहतात. मला यात गरिबांच्या मुलांचे वय दिसते.

या ठिकाणी आपल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील बुवा-बाबांच्या दुनियेत तिला तोड नाही. लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कचेरी आहे. बरे झाल्याचा दावा करणाऱ्याचे कागद तेथे डॉक्टर तपासतात, आणि हे डॉक्टर कॅथलिकच असावेत अशी अट नाही. आजार गंभीर होता काय, निदान पक्के होते काय, उपचारांनी फरक पडलेला असणे शक्य आहे काय, सुधारणा एकाएकी झाली काय, ती वर्षानुवर्षे टिकली काय, असे प्रश्न विचारले जातात. सात हजारांहून अधिक माणसांनी आपण बरे झालो असे नोंदविले. त्यांपैकी २०२५ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ७२. दर साल लाखो यात्रेकरू, दीडशेहून अधिक वर्षे, आणि ७२. त्यांतल्या कितीतरी केसेस क्षयाच्या, प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या. मे २०२४ मध्ये तर व्हॅटिकनने १९७८ चे जुने नियम बदलून सांगितले की एखादे दर्शन ‘अलौकिक आहे’ असा निवाडा स्थानिक बिशपांनी सामान्यतः देऊच नये; फार तर भक्तीला हरकत नाही एवढेच म्हणावे.

मग हा आकडा हरेगावच्या मंडपात का ऐकू येत नाही? तेथे साक्ष ऐकू येते. मी बरा झालो, माझी मुलगी चालू लागली. जो बरा झाला तो पुढल्या वर्षी परत येतो आणि ध्वनिक्षेपकावर बोलतो. जो बरा झाला नाही तो येत नाही, किंवा मुकाट्याने पुन्हा नवस बोलतो. जो मेला त्याला कोणी बोलावीत नाही. माळेगावात हेच, कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्यात हेच. नवसाचा सगळा हिशेब जमेच्या बाजूचा असतो, कारण खर्चाची बाजू लिहायला माणूसच उरत नाही. ज्या चर्चने लूर्दला खर्चाची बाजू लिहिण्याची शिस्त लावली, त्याच्या येथील धर्मगुरूंना आपण आदराने विचारू शकतो की ही शिस्त मराठीत केव्हा येणार. हा प्रश्न बाहेरच्या शत्रूचा नाही. तो त्यांच्याच घरातला आहे.

आणि माणूस खरोखर बरा होतो, त्याचे काय? बरा होतो, हे आपण नाकारू नये. दमा, पाठदुखी, सांधेदुखी, अंगावरचे चट्टे हे रोग चढतात आणि उतरतात. माणूस यात्रेला निघतो तो दुखणे कळसाला पोहोचल्यावर. त्यानंतर उतार पडणे हे त्या रोगाच्या स्वभावातच असते. कावीळ बहुधा आपोआप हटते. चार दिवस कामावरून सुटका, सोबतीला माणसे, कोणीतरी डोक्यावर ठेवलेला हात, यांनी वेदना कमी होते, हे वैद्यकही मान्य करते. या साऱ्यात माउलीचे श्रेय कोणी मानले तर आपण भांडायला जाण्याचे कारण नाही. भांडण आहे ते क्षयापाशी. क्षयाचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला बसतो, भूक लागते. याच काळात नवस फेडला गेला तर बरे केले कोणी? गोळीने की माउलीने? रुग्ण माउलीला श्रेय देतो आणि गोळी सोडतो. मग औषधाला न जुमानणारा क्षय घेऊन परत येतो आणि घरातल्या लेकरांना देतो. येथे श्रद्धा ही खाजगी बाब राहत नाही.

कायदा या बाबतीत काय करतो ते पाहण्याजोगे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा प्रथम अध्यादेशाने व डिसेंबरात विधिमंडळातून आला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. चमत्कार दाखवून पैसे उकळणे त्यात आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणे आहे. परंतु प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा यांना आणि मृत संतांच्या चमत्कारांच्या प्रचाराला त्यात स्पष्ट सूट आहे. ही सूट तडजोडीने आली, आणि माझ्या मते तिच्यात फारसे वावगे नाही. यात्रा बंद करणे हे पोलिसाचे काम नव्हे. पण तीच सूट प्रश्न विचारणाऱ्याला मिळत नाही. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलांकनी मातेच्या चर्चबाहेर क्रुसावरील ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते पाणी गोळा करू लागले. सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिले आणि सांगितले की जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून, केशाकर्षणाने, वर चढत आहे. लोक जे तीर्थ म्हणून घेत होते ते सांडपाणी होते. म्हणजे इशारा दिला नसता तर रोग पसरला असता. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. आपल्या पुरोगामी मंडळींपैकी फार थोड्यांनी तेव्हा तोंड उघडले. हेच एखाद्या बाबाच्या आश्रमात घडले असते तर आपण मोर्चा काढला असता.

याच्या उलट टोकाची दांभिकताही तितकीच ठळक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसामने ‘जादूने रोग बरा करण्या’विरुद्ध कायदा केला, आणि तो मिशनऱ्यांच्या कार्याला आळा घालण्यासाठी आहे हे तेथील मुख्यमंत्र्यांनी लपवले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने धर्मांतरविरोधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या मंडळींना रोग्याची काळजी नाही. तसे असते तर गोमूत्राने कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्यांच्या दारातही पोलीस गेले असते. झोपडीत चार ख्रिस्ती बाया प्रार्थनेला बसल्या की तो गुन्हा, आणि दरबार भरवून चिठ्ठ्या काढणाऱ्या बाबाच्या व्यासपीठावर मंत्री, अशी ही अंधश्रद्धाविरोधी मोहीम आहे. आपण गप्प राहिलो की ही भूमिका मोकळे मैदान म्हणून त्यांच्या हाती जाते. हरेगावच्या बाईशी तिच्या नवसाविषयी प्रेमाने बोलायला कोणी नाही. तिला धमकावायला मात्र माणसे तयार आहेत.

आता दवाखान्याकडे वळू. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांत हा आकडा ३१ वर गेला. औषधे होती की नव्हती, परिचारिका किती होत्या, यावर निवेदने आणि खुलासे झाले. एका खासदाराने तर अधिष्ठात्यांच्या हाती शौचकूप धुण्याचा झाडू दिला आणि वर्तमानपत्रांना छायाचित्र मिळाले. लोह्याच्या, मुखेडच्या, देगलूरच्या खेड्यातली बाळंतीण शेवटी याच रुग्णालयात येते, कारण पुढे जायला जागाच नाही. त्या आठवड्यानंतर तिच्या सासूने खंडोबाला किंवा मतमाउलीला नवस बोलला, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातून, आपल्या कंधार-लोह्यातूनही, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, अंगावरून जाते म्हणून खाजगी डॉक्टरकडे गेले तर ‘पिशवी काढून टाका’. ही शस्त्रक्रिया नोंदणीकृत डॉक्टरांनी, पावती देऊन, विज्ञानाच्या नावाने केली. यापुढे नवसाची मेणबत्ती काय महाग पडली? विवेकाचा कैवार घेताना आपल्याला या डॉक्टरांचे नाव आधी घ्यावे लागेल, नाही तर लोक आपले ऐकणार नाहीत, आणि ऐकू नयेही.

शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध चळवळ केली. खंडोबाला मानणाऱ्या आपल्याच माणसांत उभे राहून, त्यांनी देव काढून घेण्याची भाषा केली नाही. मुलगी देवाला वाहू नका, एवढे नेमके आणि टणक मागणे मागितले. आपल्या कामाला हे पुरेसे उदाहरण आहे. हरेगावला किंवा माळेगावला आपले कार्यकर्ते पत्रके वाटायला जातात तेव्हा देव आहे की नाही या वादाने सुरुवात करतात आणि पहिल्या मिनिटाला संपवतात. त्याऐवजी यात्रेत आरोग्य खात्याचा तंबू, थुंकी तपासण्याची सोय आणि प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर यांची मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल, आणि त्या निवेदनावर खंडोबाच्या मानकऱ्याची व मतमाउलीच्या फादरांची सही मागता येईल. फादरांना आणखी एक विनंती करावी: नोव्हेनाच्या नऊ दिवसांत एकदा तरी, साक्षी संपल्यावर, त्याच ध्वनिक्षेपकावरून लूर्दचे ते दोन आकडे वाचून दाखवावेत, आणि ज्यांच्या घरी क्षयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांना सांगावे की नवस फेडायला येताना गोळ्यांचा डबा बरोबर आणा, तो वेदीपुढे ठेवा, आणि परत जाताना विसरू नका.